कोरी नळी

प्रयोगशाळेच्या जिन्यात सुगत अवचित समोर आला, आणि मला पाहून चक्क दोन पायऱ्या मागे सरला. गेल्या आठवड्यापर्यंत माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसणारा हा माणूस... कोल्हापूरला जाऊन आला आणि असा काय वागायला लागला?

माझं डोकं आधीच फिरलेलं. माझ्या नळ्यांत उंदरांच्या रक्ताचा एकेक थेंब, त्यात किरणोत्सारी आयोडीनचा किंचित अंश. मशीन तो मोजतं. सोबत नुसत्या पाण्याची कोरी नळी ठेवायची, तिचा आकडा जवळजवळ शून्य हवा. पण दुपार झाली की तोही चढायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख सुनंदा मॅडमनी बजावलं होतं, "शाल्मली, आजही असंच झालं तर तुझं काम बंद. मशीन आदर्शला."

आदर्शलाही हेच मशीन हवं होतं, आणि तो सुगतचा जिवलग मित्र. आणि रजेवर असूनही सुगत रोज दुपारी माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर! मला आवडणारा माणूसच माझ्या मुळावर आला होता.

दुपारी मी दार उघडलं. "माझ्या नळ्यांना हात लावतोस व्हय रं?"

"मी? मी आत तरी आलोय का?"

"तेच विचारतेय. का येत न्हाईस?"

मी पुढे झाले, तसा तो उठून पार जिन्यापर्यंत गेला. मी रागानं आत वळले, तर मशीनवर कोऱ्या नळीचा आकडा उतरलेला. बाक ज्या भिंतीला टेकला होता, तिच्या आतल्या बाजूलाच मशीन होतं.

"परत बस बघू तिथं."

तो बसला. आकडा चढला.

"सुगत... काय खाल्लंयस तू?"

त्यानं गळ्यावर हात ठेवला. "कोल्हापूरला दिलेली थायरॉईडची गोळी. किरणांच्या आयोडीनचीच. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस माणसांपासून लांब राहा. म्हणून तुझ्याजवळ आलो न्हाय."

"मग वडगावात घरी बसायचं की."

"सकाळभर बसतो. दुपारी न्हाय करमत गं... भिंतीपलीकडं तुझा आवाज तरी येतो. भिंतीतून मशीनला कळंल, हे न्हाय सुचलं."

मी त्याला घरी हाकललं. नळ्या पुन्हा मोजल्या. मॅडमना आकडे पटले, काम वाचलं. दुपार मात्र जाता जाईना.

काही आठवड्यांनी मी मशीनपुढे बसले होते. कोरी नळी गप्प होती. मान वर न करताच मी म्हणाले, "ये की आत."

"अजून दाखवतंय व्हय मशीन?" दाराबाहेरून सुगतनं विचारलं.

"मशीनला न्हाय. मला कळलं."

तो आत आला, खुर्चीपाशी घुटमळला.

"ओढ की जवळ," मी म्हणाले. "आणि आता लांब बसू नको... कधीच."