न हलणारी माशी

नऊ. दहा. नऊ.

"बूट काढा आधी! कार्पेट भाड्याचं आहे!" गळ्यात शिट्टी अडकवलेले एक काका ओरडतात.

एका जुन्या दरवाजाच्या लाकडाला आता चाप आहे, दोरी आहे आणि पुढे दोन लवचिक पाती आहेत.

दाताचे डॉक्टर डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात. कोणाचं लक्ष नाही अशी खात्री झाल्यावर एक छोटं बटण फिरवतात. टिक. टिक.

दहा वर्षांची एक मुलगी भर हॉलमध्ये पालथी पडली आहे. तिचा गाल जमिनीला टेकलाय.

सहा. पाच. पाच.

"पाच?" भोंगा ओरडला. त्याचा आवाज असा, की तो कुजबुजला तरी शेवटच्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून बघायचा. "काडे, पाच? तू? झोपेत मारलेस काय!"

काडीने क्रॉसबो टेबलावर ठेवला आणि लक्ष्याकडे बघत राहिली. कागदावर तिचे तीन बाण एकमेकांना चिकटून उभे होते, एका मुठीत मावतील असे. पण मधोमध नव्हते, बरेच खाली होते. सगळे सारखेच खाली.

सुट्टीतली ही सर्वांत मोठी स्पर्धा होती. बंद हॉल, अठरा मीटरवर लक्ष्यं, एका डावात तीन बाण. सकाळी पहिली फेरी, जेवणानंतर दुसरी आणि संध्याकाळी पहिल्या आठ जणांची अंतिम फेरी. सकाळच्या फेरीनंतर काडी तिसरी होती. तेरा वर्षांची, नावाप्रमाणेच काडी आणि हातात मामाने बनवलेला क्रॉसबो!

मामा सुतार. त्याने एका मोडलेल्या दरवाजाचं लाकूड तासून दांडा केला होता. पाती कोणाकडून तरी जुनी आणली होती. नेम धरायला बाकीच्यांकडे चकचकीत दुर्बिणी होत्या, बाजूला बटण, फिरवलं की नेम वर किंवा खाली. काडीकडे पितळेची एक माशी होती. पत्र्याचं इवलंसं टोक. मामाने ते वर्कशॉपमध्ये अठरा मीटरवर महिनाभर जुळवलं आणि मग स्क्रू मारून कायमचं बसवून टाकलं. ती माशी हलत नसे. हलवायची सोयच नव्हती.

"जरा बाजूला व्हा, बाजूला व्हा!" गळ्यात शिट्टी अडकवलेले सचिवकाका आले. स्पर्धा त्यांची, हॉल त्यांचा, घाईसुद्धा त्यांचीच. त्यांनी काडीचा कागद पाहिला आणि ते चुकचुकले. "मी सकाळीच म्हणालो होतो. घरगुती सामान! बाण खाली पडायला लागले म्हणजे पात्यांचा जोर उतरला. उद्या पातं तुटून कोणाच्या डोळ्यात गेलं म्हणजे?"

"काका, सकाळी नऊ-दहा-नऊ होते," काडी म्हणाली.

"सकाळी होते. आता नाहीत. पंचबाई, बघा तुम्हीच."

पंचबाई उंच होत्या, बारीक चष्मा लावायच्या आणि उगाच बोलायच्या नाहीत. त्यांनी पाती बोटांनी चाचपली, दोरी पाहिली. "तडा दिसत नाही. पण बाण खाली जातायत हे खरं. कारण कळल्याशिवाय अंतिम फेरीत हे धनुष्य मला चालवू देता येणार नाही. फेरी सुरू होण्याआधी कारण सांगा."

"आणि पुढच्या वर्षीपासून नियमच करू," सचिवकाका म्हणाले. "फक्त कारखान्यात बनलेली धनुष्यं!"

ते गेले. मामा खुर्चीत बसला होता. त्याने पातं हातात घेतलं, वाकवून पाहिलं, परत वाकवून पाहिलं.

"थकली असतील ग पाती," तो हळूच म्हणाला. "जुनीच होती. माझंच चुकलं."

काडीला पाच गुणांपेक्षा ते जास्त लागलं.

"मामा, तू गप्प बस," ती म्हणाली. "थकलेली पाती अशी एका मुठीत बाण टाकत नाहीत. चला रे दोघं!"

दोघं म्हणजे भोंगा, मामाचा मुलगा, आणि चिमटी, काडीची धाकटी बहीण. चिमटीला प्रश्न पडायचे. एक पडला की त्याला पिल्लं व्हायची.

"ताई, नेम थोडा वर धरला तर?"

"किती वर? कशावरून? आणि मग पंचबाईंना काय सांगू, माझं धनुष्य बरं आहे, पण मी ढगात नेम धरते?"

"मग बाकीच्यांचे बाण खाली का नाही गेले?"

काडी थांबली.

"नाही गेले?" ती म्हणाली. "की गेले, आणि कोणी सांगितलं नाही?"

*

डॉक्टरांची साक्ष. (दाताचे. हौशी नेमबाज. हातात सफरचंद.)

"डॉक्टरकाका, जेवणानंतर तुम्ही बटण फिरवलंत?"

"मी? छे! कोण म्हणालं?"

"मी पाहिलं," चिमटी म्हणाली.

"...दोन टिक. कोणाला बोलू नका हं. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक."

"वर की खाली?"

"वर. बाण खाली जात होते."

जुळ्या बहिणींची साक्ष. (एकाच क्लबच्या, एकाच वेळी बोलणाऱ्या.)

"ही जास्त जेवली," पहिली म्हणाली.

"हिचा हात थरथरला," दुसरी म्हणाली.

"बटण?"

"वर!" दोघी.

दुर्बिणीची साक्ष. (पंधरा वर्षांचा मुलगा, सकाळच्या फेरीत पहिला. त्याची दुर्बीण एवढी मोठी, की तीच त्याला घेऊन आली आहे असं वाटे.)

"माझी दुर्बीण हलत नाही. परदेशी आहे."

"अरे वा!" भोंगा म्हणाला. "मग तू बटणाला हातसुद्धा लावला नसशील!"

"हळू बोल ना!"

"हेच माझं हळू!!"

"दोन टिक," दुर्बीण दातांतून म्हणाला. "वर. पहिला बाण आठवर गेला म्हणून. आता जा!"

*

तिघं पाण्याच्या टाकीशी उभी राहिली.

"म्हणजे सगळे चोर!" भोंगा म्हणाला.

"चोर नाहीत रे. प्रत्येकाला वाटलं आपलंच काहीतरी बिघडलंय. आणि बटण आहे म्हटल्यावर फिरवून टाकलं, झालं."

"पण सगळ्यांच्या दुर्बिणी एकाच जेवणात बिघडल्या?" चिमटी म्हणाली. "आणि सगळ्या एकाच बाजूला? आमच्या वर्गात एकदा सगळ्यांचं पोट दुखलं होतं, तेव्हा कोणी पोटं नव्हती तपासली. पाणी तपासलं होतं."

काडीने तिच्याकडे पाहिलं. मग हॉलकडे पाहिलं.

"बरोबर. धनुष्यं सोडा. जेवणाच्या वेळात हॉलमध्ये काय बदललं?"

"पंखे!" भोंगा म्हणाला. "सकाळी बंद होते. आता बघ, गरगर!"

भिंतीवरचे पंखे खरंच चालू होते. भोंगा धावत जाऊन त्यांच्यापुढे हात पसरून उभा राहिला. "वारा इकडून तिकडे जातोय!"

"म्हणजे आडवा," काडी म्हणाली. "आडवा वारा बाण बाजूला ढकलेल. सगळे सरळ रेषेत खाली कसे जातील? अजून काय बदललं?"

"दिवे तेच. लक्ष्यं तीच, चाकं नाहीत त्यांना. टेबलं तीच..."

"कार्पेट," चिमटी म्हणाली.

लाल कार्पेट! संध्याकाळी मोठे पाहुणे येणार म्हणून जेवणाच्या वेळी चार माणसांनी ते हॉलच्या रुंदीभर अंथरलं होतं. नेम धरायची रेषा आता त्याच्या मागच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीने आखली होती. कार्पेटवर बुटाचा डाग पडू नये म्हणून सगळे त्या कडेबाहेर उभे राहून बाण मारत होते.

"सकाळी रेषा कुठली होती?" काडीने विचारलं.

"पिवळी," भोंगा म्हणाला. "जाड पिवळी."

"ती कुठे आहे?"

कोणालाच दिसेना. तेवढ्यात चिमटी पालथी पडली. एक बाई तिला ओलांडून गेली, एक काका "अरेच्चा" म्हणाले. चिमटी भिंतीच्या कडेकडेने सरपटत गेली. कार्पेट भिंतीपर्यंत पोचलं नव्हतं, वीतभर फरशी उघडी होती. त्या उघड्या फरशीवर, कार्पेटच्या पुढच्या कोपऱ्याजवळ, पिवळ्या पट्टीचं बोटभर टोक बाहेर आलं होतं.

पुढच्या कोपऱ्याजवळ. मागच्या नव्हे!

"ताई," ती तिथूनच म्हणाली, "आपण कार्पेटभर मागून मारतोय."

काडीने कार्पेटची रुंदी नजरेने मोजली. ते चांगलं दोन-अडीच मीटर रुंद होतं. तेवढं जास्त अंतर म्हटल्यावर बाण खाली जाणारच. मामाच्या जुन्या पात्यांचा बाण सावकाश जातो, म्हणून तो जास्त खाली. आणि माशी बिचारी अठरा मीटरवर ठाम!

*

"पिवळ्या पट्ट्या या हॉलमध्ये दहा आहेत!" सचिवकाका म्हणाले. "एक बॅडमिंटनची, एक कशाची. अंतर सकाळी मी स्वतः मोजलंय, स्वतः!"

"सकाळी बरोबरच होतं काका. पण कार्पेट..."

"कार्पेटवाल्यांना मी सांगितलं होतं, रेषेपासून पुढे अंथरा. म्हणजे मागची कडा रेषेवर. मी कडेला पट्टी मारली. संपलं!"

"एकदा उचलून बघूया ना," भोंगा म्हणाला. खिडकीच्या काचा वाजल्या.

"उचलून? सुरकुती पडली तर? पाहुणे यायच्या आत कार्पेटला कोणी हात लावायचा नाही. आणि अंतिम फेरीला वेळ झालाय. बाण मोजा सगळ्यांनी! सगळ्यांचे बाण मोजून झाल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही, माझा नियम आहे!"

तो नियम चांगला होता. एखादा बाण कुठे पडून राहिला आणि त्यावर कोणाचा पाय पडला तर? म्हणून प्रत्येक फेरीआधी सगळे आपापले बाण टेबलावर ओळीने मांडत.

काडीने आपले मांडले. मोजले. एक कमी. पुन्हा मोजले.

"माझा एक बाण नाहीये," ती म्हणाली. मग तिला चिमटी दिसली. चिमटी भिंतीजवळ उभी होती आणि छताकडे बघत होती. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"चिमटे?"

"मला वाटतं," चिमटी छताला म्हणाली, "एक बाण कार्पेटखाली घरंगळला असेल."

"घरंगळला?" सचिवकाकांची शिट्टी तोंडातून पडली. "घरंगळून कार्पेटखाली कसा जाईल?"

"कसा ते नंतर बघू," पंचबाई म्हणाल्या. "बाण सापडल्याशिवाय फेरी नाही. नियम तुमचाच आहे, सचिव. उचला कार्पेट."

"पण पंचबाई, सुरकुती..."

"उचला."

भोंगा एका टोकाला, मामा दुसऱ्या टोकाला, मध्ये डॉक्टर आणि जुळ्या बहिणी. पुढची कडा वर आली आणि मागे दुमडत गेली. बाण तिथेच होता, कोपऱ्यात. पण बाणाकडे कोणीच बघत नव्हतं.

फरशीवर जवळजवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड पिवळी पट्टी होती. तिच्यावर काळ्या मार्करने ठसठशीत लिहिलं होतं: 'नेमाची रेषा. अठरा मीटर. कोणीही काढू नये.' खाली सही.

"ही सही कोणाची?" पंचबाईंनी विचारलं. त्या ती चांगली ओळखत होत्या.

सचिवकाका पट्टीकडे बघत राहिले. मग कार्पेटच्या मागच्या कडेवरच्या पांढऱ्या पट्टीकडे. मग पुढे, जिथे दिव्यांच्या वायरी जमिनीवर पसरल्या होत्या.

"पुढे वायरी होत्या," ते हळूहळू म्हणाले. "कार्पेटवाल्यांनी ते मागे ओढलं असणार. आणि मी... मी कडा बघितली आणि पट्टी मारली. खाली बघितलंच नाही."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे माझ्या चष्म्याचा नंबर ठीक आहे?"

"तू जास्त जेवली नव्हतीस!" एक जुळी म्हणाली.

"तुझा हात थरथरला नव्हता!" दुसरी म्हणाली.

दुर्बिणीचे कान मात्र कार्पेटच्या रंगाचे झाले होते.

"आता तो बाण," पंचबाई म्हणाल्या. "खाली कसा गेला?"

चिमटीने मान खाली घातली. "मी सरकवला."

"ते चूक आहे."

"हो."

"पुन्हा करायचं नाही."

"नाही." मग तिला राहवेना. "पण रेषा परत चुकली तर?"

"तर सरळ माझ्याकडे यायचं. मी उचलायला लावीन." पंचबाईंनी चष्मा पुसला. हसू लपवायला पुसला असावा. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "दुसरी फेरी रद्द! ती पिवळ्या रेषेवरून पुन्हा होईल. त्यानंतर अंतिम. आणि या मुलीच्या धनुष्याला काहीही झालेलं नाही."

मामा जाऊन खुर्चीत बसला आणि विनाकारण परत उठला.

*

दुसरी फेरी, पुन्हा. नऊ. नऊ. दहा.

भोंगा काहीच ओरडला नाही. त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

डॉक्टर बटण परत फिरवायला विसरले आणि त्यांचा पहिला बाण वर सातवर गेला. "आता कोणाला दोष देऊ!" ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

अंतिम फेरीत शेवटच्या डावापर्यंत काडी आणि दुर्बीण बरोबरीत होते. दुर्बिणीने दहा, दहा, नऊ मारले. काडीने श्वास घेतला, माशीचं टोक काळ्या ठिपक्यावर टेकवलं आणि चाप हलकेच ओढला. दहा. दहा. शेवटचा बाण नऊच्या रेषेच्या केसभर बाहेर, आठमध्ये बसला.

दुसरी!

"एका गुणाने!" भोंग्याने तोंडावरचा हात काढला आणि पाहुण्यांच्या हातातला पेला सांडला. कार्पेटवर.

दुर्बीण काडीजवळ आला. "मी ते बटण... जेवणानंतर लगेच कोणाला सांगितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं."

"पुढच्या वेळी सांग," काडी म्हणाली. "पण पुढच्या वेळी पहिली मी येणार."

"बघू की!"

सचिवकाका बक्षिसाच्या टेबलाशी उभे राहिले. शिट्टी त्यांनी खिशात ठेवली होती. "मी आज एका धनुष्याला नावं ठेवली," ते म्हणाले. "चूक माझी होती. सगळी बटणं फिरली, एक माशी फिरली नाही, म्हणून ती चूक सापडली. घरगुती सामानावर बंदी वगैरे काही येणार नाही. आणि पुढच्या स्पर्धेत अंतर तपासायला या तिघांना बोलावलं जाईल. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा."

"तू बाण मारतेस तेवढ्याच चांगल्या रीतीने विचारही करतेस," पंचबाई काडीला म्हणाल्या. "फार थोडे जण करतात." चिमटीच्या डोक्यावर त्यांनी टपली मारली. चांगली लागेल अशी.

मामाने क्रॉसबो पेटीत ठेवला. झाकण लावण्याआधी त्याने पात्यांवरून अंगठा फिरवला.

"थकली नाहीत," तो म्हणाला.

"मी म्हणालेच होते."

"म्हणाली होतीस खरी."

काडीने आयुष्यात मारलेला पहिला बाण लक्ष्याला लागला नव्हता. तो अजून मामाच्या वर्कशॉपच्या तुळईत आहे, माशीसारखाच न हलता.