खुर्ची रिकामी कर

दोन हजार सहा सालची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका दूध संघात कृष्णात कॉम्प्युटर बघायचा. कोडोलीच्या दूध संकलन केंद्रातलं मशीन, म्हणजे तिथला कॉम्प्युटर, तो इथं बसून चालवी. माउसला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, ‘एमएसटीएससी, स्लॅश व्ही, कोलन, कोडोली’, आणि एंटर ठोकायचा. तिथला पडदा इथं हजर. पण तिथं बसलेल्या माणसाचा पडदा त्याच क्षणी बंद पडे. म्हणून आधी फोन करायची रीत होती.

“पिराजी, ऊठ. मी येतोय.”

“ये की भावा. खुर्ची काय माझ्या बाची हाय?” म्हणत कोडोलीचा पिराजी चुन्याची डबी वाजवत बाहेर जाई.

पुढं कृष्णातनं फोन करणं सोडलं. मग एक दिवस मॅनेजर हंबीररावांना त्यानं ती ओळ ठोकून दाखवली. “साहेब, कोडोलीला माणूस कशाला पोसायचा?”

कृष्णातला बढती मिळाली, पिराजीला घरचा रस्ता. घरी बसलेला पिराजी दिवाळी काही बघू शकला नाही. कृष्णात मातीला गेला नाही. काम होतं म्हणे.

कोडोलीच्या खोलीला कुलूप लागलं. पुढं तिथला हिशेबही इथंच होऊ लागला, तेव्हा मशीन वायरी काढून, पोत्यात गुंडाळून कृष्णातच्या टेबलाखाली आलं.

एका दुपारी त्याला हुपरी केंद्राचं मशीन उघडायचं होतं. सवयीनं बोटांनी कोडोली लिहिलं. एंटर. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली: इथं पिराजी बसला आहे. तुम्ही आत आलात तर त्याला उठावं लागेल.

त्यानं कोडोली केंद्राच्या ओसरीवरल्या फोनचा नंबर फिरवला. झाडूवाल्या बयाबाईनं उचलला.

“खोलीत कोण हाय?”

“कोण असणार? कुलूप हाय. मशीन तुमीच न्हेलासा की.” मग तिचा आवाज खाली गेला. “पण साहेब... आत डबी वाजतीया...”

कृष्णातचा पाय टेबलाखालच्या पोत्याला लागला. पोतं उबदार होतं. नासलेल्या दुधाचा वास हळूहळू खोलीभर पसरला. त्यानं फोन ठेवला, तोच तो पुन्हा वाजला.

“कृष्णात, ऊठ. मी येतोय.”

त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. “न्हाय उठणार... माझी खुर्ची हाय ही...”

पडदा काळा झाला.

त्या दिवसापासून कृष्णात कुणाला दिसला नाही. पण केंद्रांचे हिशेब वेळेवर निघत होते, म्हणून ऑफिसात कुणी चौकशीही केली नाही. आठवड्यानं हंबीररावांना कोडोलीहून फोन आला.

“साहेब, बयाबाई बोलतीया. बंद खोलीत कोणतरी आतनं दार बडवतंय... तुमचं नाव घेतंय...”

हंबीररावांनी फाईल मिटली. “कोडोलीला आता आपला माणूस न्हाय, बाई,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

पाठीमागं कृष्णातच्या रिकाम्या टेबलावर चुन्याच्या डबीचं टोपण लागलं. टक.