मागच्या सीटचा स्पीकर

विष्णू, ते दार लोटून घे. चित्रा, खरी गोष्ट म्हटल्यावर तू हसतेस? हस. पण हा सदाशिव माझ्या विमा कचेरीत शेजारच्याच टेबलावर बसायचा, आणि हे सांगताना त्याचं तोंड कसं झालं होतं ते मी पाहिलंय.

चार वर्षं झाली. चौसष्ट साल. साताऱ्याहून बदली होऊन तो जयपूरला आलेला, आदर्श नगरात घर, घरात तो आणि बायको रत्नप्रभा. वहिनींना पोटाचं दुखणं लागलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. वहिनींचं मागणं एवढंच, की एकदा मुंबई केंद्रावरचं मराठी कानावर पडावं. घरच्या रेडिओवर विजेच्या तारांमुळे नुसती खरखर. सदाशिव रोज रात्री बटण पिळत बसायचा आणि आतून वहिनींचा आवाज यायचा, "लागलं का हो?"

मग त्याच्या डोक्यात आलं, आपल्या जुन्या मोटारीतच रेडिओ बसवू. शहराबाहेर, तारा संपतात तिथं, रात्री मुंबई स्वच्छ लागते. वहिनींना मागच्या सीटवर निजवून न्यायचं.

पण आमचा सदाशिव भलताच चोखंदळ. रेडिओचा सेट चार व्हॉल्व्हचा की सहाचा? एरियल छपरावर की बाजूला? राजा पार्कात प्रल्हादजींच्या रेडिओच्या दुकानी महिनाभर चकरा चालल्या. मी चिडून म्हणालो, "अरे बाबा, मिळेल तो बसव!" तर म्हणे, "एकदाच ऐकणार ती. चांगलं ऐकू दे." शेवटी ठरलं. पुढे सेट, आणि मागच्या सीटवर उशीजवळ वेगळा स्पीकर.

गाडी दुकानात असतानाच वहिनी गेल्या. मंगळवारी. कपाळभर कुंकवाचा मळवट भरून नेलं त्यांना.

शुक्रवारी, अकरा डिसेंबरला, प्रल्हादजींनी गाडी दारात आणून लावली, किल्ली दिली आणि मान खाली घालून गेले. रात्री सदाशिवला घरात बसवेना. एकटाच सांगानेरच्या रस्त्याला लागला. तारा संपल्या तिथं गाडी उभी केली. सव्वादहा वाजले होते. बटण फिरवलं आणि सेटमधले व्हॉल्व्ह तापून आवाज यायची वाट बघत बसला.

मुंबई लागली. स्वच्छ. कुणीतरी मराठीत बोलत होतं. सदाशिव स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

आणि मागून...

"लागलं का हो?"

त्यानं वळून पाहिलं नाही. म्हणाला, "लागलं गं. ऐक."

मागून पुन्हा...

"लागलं का हो?"

त्यानं आवाज वाढवला. पार शेवटपर्यंत. काचा थरथरायला लागल्या.

"लागलं का...?"

आता बारीक. दमलेला.

"अगं, लागलंय! ऐकू येत नाही का तुला?"

तो ओरडत राहिला. कार्यक्रम संपला. खरखर उरली. मग मागून... काहीच नाही.

सकाळी तो मला घेऊनच दुकानी गेला. विचारलं, "प्रल्हादजी, पीछे आवाज क्यों नहीं जाती?"

प्रल्हादजींनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले, "साहब, पीछेवाला तो मैंने जोड़ा ही नहीं. भाभीजी चली गईं. मैंने सोचा, अब किसके लिए..."

मागचं दार उघडलं. स्पीकरची तार सीटखाली मोकळी पडली होती.

सदाशिवनं ती तिथंच जोडून घेतली. बदली होईपर्यंत रोज रात्री त्या जागी जाऊन बसायचा, मुंबई लावून. दोनदा मीही गेलो. मागून पुन्हा कुणी विचारलं नाही.

पण त्या सकाळी, तार जोडायच्या आधी, मी वाकून पाहिलं होतं. स्पीकरच्या कापडावर कुंकू होतं. कान लावून ऐकणाऱ्याचं कपाळ टेकावं, तिथं. बोट लावलं... ओलं होतं.