ब्याण्णवची लाल गाडी

दसऱ्याला आम्ही गाडीची पूजा करतो हे ऐकून पाया लेबारच्या माझ्या ऑफिसातल्या बायका हसतात. हसू देत बापड्या. सिंगापुरात गाडी बाळगणं म्हणजे काय चेष्टा आहे? इथे दहा वर्षांनी गाडीचा परवाना संपतो, आणि बहुतेक जण तेव्हा ती सरळ भंगारात काढतात. आमची गाडी ब्याण्णव सालची आहे. लाल, बुटकी, दोन दारांची, पळायला टपलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात नको. पण क्लेमेंटीच्या आमच्या ब्लॉकखाली ती उभी राहिली की शेजारच्या नव्याकोऱ्या गाड्या केविलवाण्या दिसतात. मी अकाउंटंट आहे, वाढवून सांगायची मला सवय नाही.

प्रबोध, म्हणजे माझा नवरा, इंजिनीअरिंगला असताना याच गाडीचा फोटो हॉस्टेलच्या भिंतीवर लावून झोपायचा. इथे ती विकायला निघाली तेव्हा गडी तीन रात्री जागा होता. शेवटी मीच म्हटलं, घे बाबा एकदाची, नाहीतर मला सवत मेल्याचं सुतक पाळावं लागेल.

घेतली आणि जपली. डॅशबोर्डला एक चीर नाही. सीटचं कापड मूळचंच. दार लावलं की अजून तो दबका, भरीव आवाज येतो. रविवारी कारपार्कात दोन-तीन जण तरी थांबून विचारायचे, "अंकल, व्हॉट इयर?" प्रबोध साल सांगायचा आणि त्यांचे चेहरे बघायचा. मी पण बघायचे. खोटं कशाला बोलू, मला फार आवडायचं ते.

मी स्वतः मात्र तिच्यात बसत नाही. सीट इतकी खाली की बसणं म्हणजे खड्ड्यात उतरणं, आणि माझी कंबर आधीच कुरकुरते. मला आपली एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बरी. प्रबोध वन-नॉर्थला त्याच्या ऑफिसला जाताना आमच्या इराला शाळेत सोडतो, येताना घेऊन येतो. पुढची सीट वाकवून इरा मागे शिरते, आणि दोघं ऐटीत निघतात.

दोन हजार पंधराच्या दसऱ्याला मी तेक्काच्या बाजारातून झेंडू आणले. हार घालू दिला त्याने, पण बॉनेटवर कुंकवाचं बोट? छे! "मीनल, रंगाला लागेल गं." मग मी टायरला कुंकू लावलं. तेव्हाच मला दारावर एक ओरखडा दिसला. कुणीतरी ट्रॉली घासली असणार. मी त्यावरून नख फिरवलं, चांगलं अडकलं. प्रबोधचा दिवस खराब नको म्हणून बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ओरखडा नव्हता. मी वाकून, मोबाइलचा दिवा लावून पाहिलं. रंग सलग होता, आणि हाताला किंचित कोमट लागला. पॉलिश केलं असेल याने, म्हटलं. नवरा कसा हवा तर असा हवा!

त्यानंतर प्रबोधच सुधारायला लागला. पाठ दुखायची थांबली. चष्मा टेबलावर पडून राहू लागला. कानांवरचे पांढरे केस गेले, आणि डाय कुठे लपवलाय म्हणून मी बाथरूमचं कपाट उचकलं तर काही नाही. क्लिनिकमधला डॉक्टर इथल्या सवयीने शेवटी 'ला' जोडून म्हणाला, "व्हेरी फिट, ला!" खालच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्या आंटीने तर मला एकदा विचारलं, धाकटा भाऊ का गं? मला राग यायला हवा होता. मी घरी येऊन चार मैत्रिणींना फोन करून सांगितलं. माझा नवरा चव्वेचाळीसचा आहे, म्हटलं, बघा आणि जळा.

मग तो डाग गेला.

आमच्या लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी तापाने पडले होते. या पठ्ठ्याने खिचडी लावली आणि वाफ जाऊ न देताच कुकर उघडायला गेला. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग राहिला, पानाच्या आकाराचा. भांडण झालं की मी त्या डागावर बोट ठेवायचे, आणि भांडण तिथेच मिटायचं. त्या दिवशी तो भात वाढून घेत होता, आणि तिथे कातडी गुळगुळीत होती.

"डाग कुठे गेला?" मी विचारलं.

"कसला डाग?"

"अरे, कुकरचा! खिचडीचा!"

तो हसला. ओळखीचं हसू नव्हतं ते. बसमध्ये अनोळखी माणसाच्या विनोदाला आपण हसतो, तसं.

मला भीती वाटली ती तेव्हा. गाडीकडे बोट दाखवायला माझ्याकडे काही पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय मी बोलत नाही. पण रोज तो तिच्यातून उतरायचा तो सकाळी बसला होता त्याहून थोडा कमी माझा असायचा. आमचं मालवणचं फिरणं गेलं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत तो त्यांच्या उशाशी बसला होता, ते गेलं. रात्री मी फोटो दाखवायचे. तो नीट बघायचा, मान डोलवायचा, छान आहेत म्हणायचा.

जुलैमधल्या एका सकाळी मी ओट्याशी उभी होते. मागून आवाज आला.

"चहा घेणार का तुम्ही?"

पंधरा वर्षं हा माणूस मला अगं-तुगं करत आला. मी वळले. शेजारच्या काकूंशी बोलावं तसा तो अदबीने उभा होता, हातात कप घेऊन. मी चहा घेतला. काय करणार?

ऑफिसात बसले, पण आकडे दिसेनात. गाडी आजच जाणार, मी ठरवलं. भंगारवाल्याला फोन केला, संध्याकाळी या म्हटलं. तिच्यापायी माझा नवरा जात असेल तर ती कितीही देखणी असो, खड्ड्यात जाऊ दे. परत येईल का तो? कोण जाणे. निदान उरलाय तेवढा तरी राहील. तेवढ्यात भागवेन मी.

दुपारीच सुट्टी टाकून मी घरी आले आणि कारपार्कात उभी राहिले.

उन्हात ती वळणावरून आली. शोरूममधून आज निघाल्यासारखी. एवढ्यातही माझ्या मनात आलंच, काय दिसतेय!

प्रबोध उतरला. विशीतला पोरगा. मी हात पुढे केला.

"किल्ली दे."

त्याने वाद घातला नाही. लगेच दिली. "घ्या ना," म्हणाला.

मी मूठ आवळली. जिंकले असं वाटलं, अगदी क्षणभर.

त्याने पुढची सीट वाकवली. मागून इरा बाहेर येऊ लागली. दप्तर तिला ओढवत नव्हतं. स्कर्ट कमरेवरून घसरत होता, तो तिने एका हाताने धरला होता. दुसरा हात तोंडावर होता.

"काय झालं गं? पडलीस का?"

तिने मान हलवली. दोन वर्षांपूर्वी तिचे पुढचे दात पडले होते. नंतर आलेले मोठे, जरा पुढे आलेले, अगदी माझ्यासारखे.

"नॉट पेनफुल, आई," ती म्हणाली. "दे जस्ट केम बॅक, ला."

तिने हात काढला आणि हसली. बारीक, पांढरेशुभ्र, दुधाचे दात.