झोपलेल्या बाबांचं चित्र

बाई आल्या तेव्हा भावजी चहात बिस्कीट बुडवत होते. दारावर अशी थाप पडली की बिस्कीट कपात गेलं ते गेलंच.

"या, बसा," ते कपाकडे बघत म्हणाले.

आलेली तरुणी बसली आणि लगेच उठली. बोटांना निळा रंग, ओढणीला वाळलेला डिंक, डोळे रडून लाल. खिडकीशी वहिनी उभ्या होत्या. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची शोध-कचेरी थाटली होती. भावजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, त्यांचे मदतनीस, स्कूटरचालक आणि, त्यांच्याच शब्दांत, डोक्याला ताप.

"मी दुसरीच्या वर्गाची बाई," तरुणी म्हणाली. "आज तीन वाजता शाळेत पालकांचा कार्यक्रम आहे. आणि एक चित्र चोरीला गेलंय."

भावजी सावरून बसले. "जुनं आहे का? कोणाच्या हातचं?"

"चिमणीच्या. सात वर्षांची आहे. खडूंनी काढलंय."

भावजींचा चेहरा उतरला. वहिनी मात्र खिडकी सोडून जवळ आल्या. "पहिल्यापासून सांगा. आणि बसा हो, तुम्हाला बघून मलाच धडधडतंय."

कार्यक्रम बाईंच्याच डोक्यातून निघाला होता. प्रत्येक मुलाने घरातल्या एका मोठ्या माणसाचं चित्र काढायचं. नाव चित्राच्या मागे, आणि त्यावर पुठ्ठा चिकटवलेला, म्हणजे कोणाला वाचता येऊ नये. चित्रं दोऱ्यांना चिमट्यांनी टांगायची आणि पालकांनी स्वतःला शोधून आपापल्या चित्राखाली उभं राहायचं. काल संध्याकाळी तीन पालकांच्या मदतीने सगळी टांगून झाली. आज सकाळी चिमणी वर्गात आली, खिडकीखाली उभी राहिली आणि रडायला लागली.

"काय होतं चित्रात?"

"तिचे बाबा. पायात बूट तसेच, सोफ्यावर आडवे, गाढ झोपलेले. खिडकीत हा एवढा सूर्य." बाईंनी हात पसरले. "मीच तिला म्हटलं होतं, बाबा जागे असतानाचं काढ ना गं. तर म्हणाली, बाबा जागे असतात तेव्हा मी झोपलेली असते. मग मी म्हटलं, असू दे. पण तिने ते घरी सांगितलं, आणि आता तिची आई म्हणते चित्र मीच फेकलं. मोठ्या बाई वैतागल्यात. माझी नेमणूक तात्पुरती आहे. आज चित्र मिळालं नाही तर उद्यापासून येऊ नका म्हणाल्या."

"तुम्ही फेकलंत का?"

"नाही हो!"

"मग उठा. भावजी, ते बिस्कीट आता सोडा."

शाळेत नुसती पळापळ चालली होती. कोणी खुर्च्या ओढत होतं, कोणी माईकवर 'हॅलो हॅलो' करून सगळ्यांचं डोकं उठवत होतं. मोठ्या बाई दारातच भेटल्या. दर वाक्याला त्या घड्याळ बघत होत्या.

दुसरीच्या वर्गात दोऱ्यांवर घराघरातली माणसं लटकत होती. भावजी रंगात आले. एका बाईच्या तोंडात पेटीच्या पट्ट्यांसारखे दात होते. एका माणसाच्या हातात त्याच्यापेक्षा मोठी करवत होती. दाराजवळच्या चित्रात एक माणूस शिडीवर चढलेला, गळ्यापासून लांब लाल पट्टा वाऱ्यावर उडतोय, आणि खाली एक चिमुकला जीव शिडी धरून उभा.

"वहिनी, ह्याची जीभ बघा! पार दोऱ्यापर्यंत आलीय."

वहिनींनी ते चित्र जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्या खिडकीकडे गेल्या. तिथे रिकामी जागा दिसतच नव्हती.

"चित्र गेलं तर भोक कुठे आहे?"

"दोन्हीकडची चित्रं सरकवलीत कोणीतरी," बाई म्हणाल्या. "म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही. चिमणीलाच कळलं."

वहिनींनी वीत लावून पाहिली. सगळीकडे चित्रांमध्ये एक-एक वीत अंतर होतं, खिडकीपाशी दीड. मग त्या वर्गात दोन फेऱ्या मारून आल्या. भावजींना हे लक्षण माहीत होतं. अशा वेळी मध्ये बोललं की ओरडा बसतो.

चिमणीची आई फाटकापाशीच होती, शिवणाच्या दुकानातून तशीच आलेली, टेप अजून गळ्यात.

"माझा नवरा बेकरीत रात्रभर भट्टीपुढे उभा असतो," ती फणकाऱ्याने म्हणाली. "घरी येतो तेव्हा बूट काढायचंही त्राण नसतं त्याच्यात. पोरीने दिसलं ते काढलं. यांना लाज वाटली त्याची!"

"काल संध्याकाळी तुम्ही शाळेत आला होतात?"

"कुठली येतेय! मशीनवर होते मी. दुकानातल्या सगळ्याजणी सांगतील."

तीन मदतनीस पालकांपैकी पहिला सुतार. दोरे त्याने बांधले होते, अंतरही त्यानेच वितीने ठरवलेलं. बोलताना त्याचं अर्धं लक्ष भिंतीवर होतं.

"हातोडी विसरलो म्हणून मी एकदा परत आलो होतो, ताई. वर्गात कोणी नव्हतं. चित्र होतं-नव्हतं काय माहीत, मी तर आपलं तोंड शोधत होतो. ती करवत माझीच वाटते, पण लेकीने मला टकलू केलंय!" त्याने डोक्यावरच्या दाट केसांतून हात फिरवला.

दुसरी दातांची डॉक्टर. चष्मा राहिला म्हणून तीही काल एकटी परत आली होती. दाराकडची चित्रं तिने लावली होती.

"तुमचं चित्र ओळखलंत?" वहिनींनी विचारलं.

"ते दातवालं? मुळीच नाही. मी इतकी भयंकर दिसते?" तिने मान वळवून पुन्हा भिंत न्याहाळली. "माझं ते फुलांचं असणार. असायलाच पाहिजे."

तिसऱ्या पालकांचं शाळेत फार कौतुक होतं. इस्त्रीचा सदरा, लाल टाय, खांद्याला लॅपटॉपची बॅग. गेला महिनाभर ते रोज भर दुपारी येऊन शाळेची कामं करत होते. पताका त्यांनी लावल्या, मंच त्यांनी सजवला.

"ऑफिसातून एवढा वेळ काढतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "नाहीतर बाकीचे बाप! मुलाची तुकडी विचारली तर बायकोकडे बघतात."

भावजी भारावून गेले. त्यांनी खुर्ची रिकामी करायला बॅग उचलली, तर ती कापसासारखी हलकी. हल्लीची यंत्रं काय एकेक असतात, असं त्यांच्या मनात आलं, तोवर टायवाल्यांनी बॅग जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"असू दे, असू दे. काल शिडी खोलीत ठेवून यायला मी मागे थांबलो होतो, एवढंच. मला काही दिसलं नाही."

"तुमचं चित्र सापडलं का?" वहिनींनी सहज विचारलं.

"ते कालच ओळखलं मी." त्यांची नजर जमिनीवर होती. "पहिल्या झटक्यात."

"आई पण येणार आहेत ना मुलाच्या?"

"हो. ऑफिस सुटलं की. जरा उशिराच." आणि ते पाणी प्यायला निघून गेले.

बाहेर आल्यावर भावजींनी हळूच मत मांडलं. "वहिनी, मला ती डॉक्टरीण खटकते. दात काढणाऱ्या माणसाचा काय भरवसा?"

"भावजी, तुमचं डोकं कधी कधी शोकेसमध्ये ठेवावंसं वाटतं." त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. "खेळ ठरल्याप्रमाणे होऊ द्या. तो संपेपर्यंत बाईंबद्दल कोणाला काही बोलू नका."

"खेळ संपेपर्यंतच हं," मोठ्या बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "नंतर मला निर्णय घ्यावाच लागेल."

तीन वाजले. पालक आत घुसले आणि एकच कल्ला उठला. माना उंच करून माणसं स्वतःला शोधत होती. "हा मी? एवढं पोट?" "अगं, ही तूच, हातात मोबाईल आहे बघ!" मुलं तोंडावर हात दाबून खिदळत होती. सुतार टकलाखाली उभा राहिला. डॉक्टरीण फुलांखालून हाकलली गेली आणि अखेर दातांखाली गेली. बाई भिंतीला टेकून ओढणीचं टोक पिळत होत्या.

खिडकीखाली एक आडदांड माणूस अवघडून उभा होता. भुवयांवर पीठ, डोळे तांबारलेले. चिमणीने त्याचं बोट घट्ट धरलं होतं.

"बाबा, तुम्ही इथेच होतात," ती म्हणाली. "खरंच इथे होतात."

हळूहळू सगळे आपापल्या जागी गेले. वहिनींनी भिंतीवरून एकदा नजर फिरवली आणि मोठ्या बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं.

थोड्याच वेळात शेजारच्या पहिलीच्या रिकाम्या वर्गात सहाजण बसले होते. खुर्च्या इतक्या बुटक्या की सगळ्यांचे गुडघे हनुवटीला आले होते. मोठ्या बाई, बाई, चिमणीची आई, टायवाले, भावजी आणि वहिनी.

"मला आधी एकच प्रश्न पडला," वहिनी म्हणाल्या. "चिमणीचं चित्र चोरेल कोण? पण ते तिचं आहे हे माहीत कोणाला होतं? नाव तर पुठ्ठ्याखाली. माहीत होतं चिमणीला, तिच्या आईला आणि बाईंना. चिमणी तर रडतेय. आई दुकानात होती. राहिल्या बाई."

चिमणीची आई ताठ झाली. "तेच तर मी सांगतेय!"

"पण चोराने शेजारची चित्रं सरकवून जागा झाकली. बाईंना माहीत होतं की सकाळी चिमणी धावत येऊन तेच चित्र बघणार. मग झाकून उपयोग काय? जागा तोच झाकेल ज्याला वाटतंय की हे चित्र माझ्या घराबाहेरचं कोणी शोधणार नाही. थोडक्यात, चोराला ते चिमणीचं वाटलंच नाही. त्याला वाटलं, हे आपलं."

"आपलं?" भावजी उडालेच. खुर्ची करकरली.

"स्वतःचं. आज सगळे पालक भिंतीवर स्वतःला शोधत होते. सुताराचं माझ्याशी बोलताना चित्त नव्हतं. डॉक्टरीणबाई तर भांडायला उठल्या होत्या. फक्त एका माणसाने भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आपलं चित्र तिथे नाही याची त्याला खात्री होती. खेळ संपल्यावर बेकरीवाल्यांना चित्र नव्हतं, हे ठीक. पण एका चित्राखाली माणूस नव्हता. असं का व्हावं?"

टायवाल्यांनी बॅग छातीशी धरली होती.

"महिनाभर रोज दुपारी मोकळे असणारे साहेब," वहिनींचा आवाज मऊ झाला. "आणि लॅपटॉपची बॅग इतकी हलकी की आमच्या भावजींनी ती दोन बोटांनी उचलली. नोकरी कधी गेली?"

शेजारून मुलांचा गलका येत होता.

"महिना झाला," ते म्हणाले. "घरी सांगायचं धाडस होईना. सकाळी तयार होऊन निघायचं, बायको कामावर गेली की परत यायचं. एकदा तापामुळे मुलगा शाळेत गेला नव्हता, शेजारच्या आजींकडे होता. तो आपल्या घरात आला आणि मी सोफ्यावर पडलेलो, बूटसुद्धा न काढता. त्याला म्हटलं, आईला सांगू नकोस. काल ते चित्र बघितलं आणि वाटलं, पोराने भिंतीवरच सांगून टाकलं. आज ती येणार होती."

त्यांनी चेन उघडली. बॅगेत ते चित्र होतं आणि जेवणाचा रिकामा डबा. बाकी काही नाही.

"फाडायला हात होईना. त्याच्या हातचं ना ते."

"त्याच्या हातचं नाही," वहिनी म्हणाल्या. "भर दिवसा बूट घालून झोपणारे तुम्ही एकटेच नाही."

चिमणीच्या आईने चित्र हातात घेतलं आणि त्यातल्या बुटांवरून बोट फिरवलं. मग ती बाईंकडे वळली. "मी फार बोलले तुम्हाला. चुकलं माझं."

बाईंना एकदम रडू फुटलं. मोठ्या बाईंनी घसा साफ केला, घड्याळ बघायचं पहिल्यांदाच विसरल्या. "उद्या वेळेवर या, बाई. आणि पुढच्या वर्षी हा कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये घेऊ."

चित्र खिडकीत परत लागलं. बेकरीवाले त्याखाली उभे राहिले, भिंतीला टेकले आणि बघता बघता त्यांचे डोळे मिटले. चिमणी सगळ्या वर्गाला तोंडावर बोट ठेवून दाखवत होती.

टायवाले दाराजवळच्या चित्रापुढे थबकले होते. शिडीवर चढलेला माणूस हसत होता. त्याचा लाल टाय वाऱ्यावर उडत होता. भावजींना आत्ता कुठे ती जीभ नसल्याचं कळलं.

शिडी धरणारा मुलगा चित्राखाली केव्हाचा वाट बघत उभा होता. "बाबा, किती वेळ लावलात! तुम्हाला तुम्हीच ओळखू येत नाही?"

ते गुडघ्यांवर बसले. मुलगा त्यांच्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, पण सात वर्षांच्या मुलाची कुजबुज ती, भावजींना स्पष्ट ऐकू आली.

"ते मी कोणालाच नाही सांगितलं. आईला पण नाही. तुम्ही म्हणाला होतात ना."

भावजींनी चटकन तोंड फिरवलं. दारात एक बाई धापा टाकत आली होती, ऑफिसची पर्स खांद्यावर, नजर भिंतीवरून भिरभिरत. "सापडलं का हो तुमचं चित्र?"

"सापडलं," टायवाले उठत म्हणाले. त्यांनी टायची गाठ सोडली आणि तो मुलाच्या हातात दिला. "जरा बाहेर येतेस? तुला एक सांगायचंय."

"बाबा, लवकर या हं," मुलगा म्हणाला आणि टाय गळ्यात अडकवून चित्राखाली उभा राहिला. "तोपर्यंत तुमची जागा मी धरतो."