नववी ‘ब’चं डस्टर

संजना मॅडमच्या वर्गातले बाक कोणी हलवले, तर त्याची धडगत नसे. दिंडोरी रोडवरच्या त्या शाळेत पाचवीतल्या पोरांनाही हे ठाऊक होतं. नवनाथला तेवढं ठाऊक नव्हतं, कारण त्याचा शाळेतला तो दुसराच दिवस होता.

दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. मधल्या सुट्टीनंतर संजना नववी ‘ब’च्या दारात आली आणि थबकलीच. सगळे बाक भिंतीला लावलेले. मुलं गोल करून जमिनीवर बसलेली, आणि त्यांच्यात मांडी घालून निळ्या स्वेटरमधला कोणी तिशीचा माणूस.

“कोण तुम्ही? पालक आहात का? आणि ही पंगत कसली मांडलीय?”

तो उठला. पँटची धूळ झटकली. “पालक नाही... त्याआधी लग्न व्हायला हवं,” तो म्हणाला, आणि अख्खा वर्ग फिस्सकन हसला. “मी नवनाथ. नवीन समुपदेशक. हा तास मुख्याध्यापकांनी मला दिला होता, पण तुम्हाला विचारायचं राहिलं. चूक माझी.”

इतक्या पटकन चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे संजनाला कळेना. तिने सवयीने टेबलावर डस्टर आपटलं. वर्ग चिडीचूप.

“वा! हेच हवं होतं,” तो म्हणाला. “उसनं मिळेल?”

“काय?”

“डस्टर. ज्याच्या हातात डस्टर, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. आमच्या गोलाचा एवढा एकच नियम.”

तिने ते दिलं. देताना त्याच्या बोटांना खडूची भुकटी लागली, आणि ती त्याने पुसली नाही... हे तिच्या ध्यानात राहिलं. अशा क्षुल्लक गोष्टी ध्यानात राहायला लागल्या की माणसाने सावध व्हावं. संजना काही झाली नाही.

नवनाथचं म्हणणं साधं होतं. पोराने मारामारी केली, काही मोडलं, कोणाचा पाणउतारा केला, तर त्याला वर्गाबाहेर उभं करून काहीच जुळत नाही. ज्याने केलं तो आणि ज्याला लागलं तो, दोघांना गोलात बसवायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. काय झालं? कोणाला लागलं? आता काय केलं म्हणजे भरून निघेल? “पुस्तकात याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात,” तो सांगे. “आमच्या कळवणला एवढं मोठं नाव नाही. मोडलं ते सांधा, बस.”

स्टाफरूममध्ये यावरून रोज जुंपायची. गणिताच्या अंजली मॅडम सर्वांत जुन्या आणि सर्वांत ठसकेबाज. “आधी छडी काढून घेतलीत, बरं केलंत. आता दाखल्याची भीतीही काढा. मग आमच्या हातात काय, टाळ?”

“भीतीनं गप्प बसलेलं पोर सुधारलेलं नसतं, मॅडम. नुसतं गप्प बसलेलं असतं.”

“आणि ज्यानं मार खाल्ला, त्यानंच परत समोर जाऊन बसायचं? त्याला काय हौस आलीय?”

“त्याची मर्जी असेल तरच. त्याची मर्जी नसेल, तर गोल होतच नाही,” नवनाथ म्हणायचा.

संजना मनाने अंजली मॅडमच्या बाजूची होती. पण नवनाथ बोलत असला की तिचा चहा निवून जायचा.

मग पैज लागली. नववी ‘ब’मधल्या दोन मुलांची मारामारी होऊन एकाचा दात पडला होता. महिन्याभरात दोघं धड बोलायला लागले, तर संजनाने मिसळ खिलवायची. तिसऱ्या आठवड्यात दोघं एकाच सायकलवरून शाळेत आले. पुढचा पेडल मारत, मागचा दप्तरं सांभाळत.

मिसळीच्या पहिल्या घासाला नवनाथच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हरलेली मी, आणि रडताय तुम्ही?” संजना म्हणाली.

“तिखट लय आहे हो...” घाई झाली की त्याच्या तोंडात कळवण यायचं. त्याने पाण्याचा पेला संपवला आणि तिच्याकडे बघत राहिला. “एकदा गोलात बसा ना, मॅडम.”

“मुलांसाठी?”

“मुलांसाठी बसाच. पण... मला तुम्हाला बोलताना बघायचंय. डस्टर न आपटता.”

ती हसली, आणि पाव मोडत राहिली. बाहेर डिसेंबरचं कोवळं ऊन पडलं होतं आणि तिला उगाचच वाटलं, की या माणसाबरोबर आपण म्हातारंसुद्धा होऊ शकू. आजवर असं कोणाबद्दल वाटलं नव्हतं.

जानेवारीत तो व्हिडिओ आला.

चाळीस सेकंदांचा. नववी ‘ब’मधल्या सृष्टीने ओढणीचा पदर केला होता, कंपासपेटी बाकावर आपटत होती आणि हुबेहूब संजनाच्या आवाजात ओरडत होती, “मी काय वेडी आहे? मी काय भिंतीशी बोलतेय?” वर्ग हसून लोळत होता. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. दुसऱ्या दिवशी भाजीवालीच्या मुलीने संजनाला पाहून तोंडावर हात धरला, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुख्याध्यापक रंगनाथ सरांनी निर्णय सांगितला. “शनिवारी मुलीच्या आईला बोलावलंय. शाळा कोणाला काढत नसते, पालकच दाखल्याचा अर्ज करतात. काय ते समजा.”

“सर, शनिवारी गोल घेऊ द्या,” नवनाथ म्हणाला. “संजना मॅडम तयार असतील तर.”

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. रंगनाथ सर म्हणाले, “मॅडम बसल्या तर ठीक. नाहीतर अर्ज.”

“बसेन,” संजना म्हणाली. नवनाथच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यासाठी ती विस्तवावरही बसली असती.

पण एक गोष्ट तिने त्याला सांगितली नव्हती.

सृष्टीची आई, सुमनबाई, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायची. हंगामात पहाटे सृष्टीही तिच्याबरोबर घडांच्या विरळणीला जाई आणि तिथून धावतपळत शाळा गाठी. व्हिडिओच्या दोनच दिवस आधी ती पुन्हा उशिरा आली होती. संजनाने तिला दारातच अडवलं होतं, आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली होती, “शाळा तुझ्यासारख्यांसाठी नसते. आईबरोबर बागेतच जा. तिथे तुझा उशीर चालेल.”

सृष्टीने नुसते द्राक्षाच्या पाल्याने हिरवट झालेले हात मागे लपवले होते.

आता गोलात पहिलाच प्रश्न येणार होता, काय झालं? डस्टर सृष्टीच्या हातात जाणार होतं. आणि समोर नवनाथ बसलेला असणार होता. शुक्रवारची रात्र संजनाने कूस बदलत काढली. मुलीची तिला भीती नव्हती. रंगनाथ सरांचीही नव्हती. मिसळीच्या टेबलावर जे डोळे आपल्याकडे तसे बघत होते, ते उद्या खाली झुकतील, एवढंच तिला सोसवत नव्हतं. प्रेमात माणूस शहाणा होतो असं म्हणतात, पण संजना भित्री झाली.

शनिवारी ती जिन्यापर्यंत गेली. खिडकीतून तिला पाच खुर्च्या दिसल्या. रंगनाथ सर, नवनाथ, सृष्टी, इस्त्रीचं लुगडं नेसून आलेली सुमनबाई, आणि पाचवी तिची. सृष्टीच्या मांडीवर घडी घातलेला कागद होता. डस्टर रिकाम्या खुर्चीवर ठेवलेलं होतं. म्हणजे पहिली बोलायची ती संजना! नवनाथने पहिला मान तिला दिला होता, आणि तिला तोही फास वाटला. ती मागे वळली. शिपायाला म्हणाली, “डोकं दुखतंय, सांग सरांना,” आणि स्कूटर काढून घरी निघून गेली.

पुढचं तिला अंजली मॅडमकडून कळलं.

“तासभर थांबली गं ती माणसं. मग त्या बाईनं अर्जावर सही केली. म्हणाली, ‘पोरगी चुकली, लय चुकली. पर माफी मागायला समोर कुनी नाय, तर मागायची कुनाला?’” अंजली मॅडमनी हातातल्या वह्या खाली ठेवल्या. “मी त्या गोलाच्या विरोधातच आहे, तुला ठाऊक आहे. पण त्या माउलीचं तोंड बघवेना.”

नवनाथ भांडला असता तर बरं झालं असतं. तो सोमवारी तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “बरं वाटतंय?”

“हो... डोकं दुखत होतं.”

“आणखी काही सांगायचंय, मॅडम?”

“नाही,” ती म्हणाली.

त्यानंतर तो तिच्याशी नीटच वागला. चहा पुढे करायचा, परीक्षेच्या कामात मदत करायचा. फक्त त्याच्या बोलण्यात कळवण पुन्हा कधी आलं नाही. एप्रिलमध्ये शैक्षणिक वर्षाबरोबर त्याचा करार संपला आणि तो शाळेने वाढवला नाही. जायच्या दिवशी तो नववी ‘ब’मध्ये आला. वर्ग रिकामा होता. त्याने डस्टर तिच्या हातात ठेवलं आणि काही न बोलता उभा राहिला.

डस्टर हातात म्हणजे पाळी तिची. हे काय तिला कळलं नव्हतं? चांगलं कळलं होतं. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. शेवटी बाहेर घंटा झाली.

“पुढच्या वाटचालीला शुभेच्छा,” संजना म्हणाली.

“थँक्यू, मॅडम,” तो म्हणाला, आणि गेला. आयुष्यात इतकं कोरडं, इतकं नालायक वाक्य आपण दुसरं बोललो नाही, असं तिला पुढे कितीदा वाटलं.

त्या वर्षी तिने डस्टर एकदाही आपटलं नाही. मुलं आपसात म्हणत, मॅडम बदलल्या. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी तिने रजिस्टरमधून उतरवलेला पत्ता घेतला आणि दिंडोरीकडे स्कूटर वळवली.

सृष्टी एका मांडवाखाली कात्री घेऊन उभी होती. वर्षभरात उंच झाली होती. मॅडमना पाहून तिने हात मागे नेले, तशीच.

“शाळा?” संजनाने विचारलं.

“सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बाहेरून देते दहावी.” मग पायाने माती उकरत, “गणित जमतं. विज्ञान नाय जमत एकटीला.”

विज्ञान संजनाच शिकवायची. ती मांडवाखालच्या ढेकळांवर बसली, साडीसकट. “सृष्टी, त्या दिवशी दारात मी तुला जे बोलले... ते बोलायला नको होतं. आणि शनिवारी मी पळून गेले. मला भीती होती, तू ते सरांसमोर सांगशील.”

सृष्टीने नवलाने तिच्याकडे पाहिलं. “ते तर मी सरांना आधीच सांगितलेलं, मॅडम.”

“कधी?”

“गोलाच्या आधी सर घरी आले होते. आईशी नि माझ्याशी आधी वेगळं बोलायला. मी सगळं सांगितलं.”

“मग... काय म्हणाले सर?”

“म्हणाले, मॅडम वाईट नाहीत. त्या स्वतःच सांगतील, तू फक्त ऐक. म्हणून तर डस्टर तुमच्या खुर्चीवर ठेवलेलं.”

ज्या गोष्टीच्या भीतीने ती पळाली, ती गोष्ट त्याला आधीपासून ठाऊक होती. ठाऊक असून त्याने खुर्ची मांडली होती, ठाऊक असून तो विचारत राहिला होता, आणखी काही सांगायचंय का. संजना त्या बागेत, त्या मुलीसमोर, तोंडात पदर धरून रडली. सृष्टीने कात्री खाली ठेवली आणि पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानंतर दर रविवारी सृष्टी विज्ञान शिकायला संजनाच्या घरी यायला लागली.

जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळची शाळा आटोपून, संजना हरसूलच्या बसमध्ये बसली. नवनाथ आता तिथल्या शाळेत होता. पर्समध्ये डस्टर होतं.

शाळेबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी तो तिला भेटला. तोच निळा स्वेटर, कोपरावर उसवलेला. “मॅडम? तुम्ही इकडे?”

तिने पर्समधून डस्टर काढलं आणि दोन्ही हातांत घट्ट धरलं. तो ओळखून हसला आणि नियमाप्रमाणे गप्प झाला.

ती बोलली. दारातलं वाक्य, जिन्यावरून मागे वळणं, शुभेच्छा, सगळं. “तुमच्या नजरेतून उतरेन म्हणून पळाले मी. कारण तुम्ही मला आवडत होतात. आवडत होतात काय... अजून आहात. तुमच्यावर प्रेम आहे माझं, नवनाथ. हे गेल्या वर्षी सांगायचं होतं.”

तिने डस्टर त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं. बराच वेळ तो उलटसुलट करून बघत राहिला.

“मी त्या दिवशी खुर्ची संध्याकाळपर्यंत उचलली नव्हती,” तो म्हणाला. “वाटायचं, येतील. एप्रिलपर्यंत वाटत होतं. तुम्ही एक शब्द बोलला असतात ना, तर लय...” तो थांबला. कळवण परत आलं होतं, पण उशिरा. “वैशाखात लग्न आहे माझं. स्नेहल, इथल्या दवाखान्यात नर्स आहे. चांगली आहे.”

“असणारच,” संजना म्हणाली. तिला हसायचं होतं, आणि जमेल तेवढं ती हसली.

“तिसरा प्रश्न राहिला, मॅडम. आता काय केलं म्हणजे भरून निघेल?”

“सृष्टीचं निघेल थोडंफार. मार्चमध्ये परीक्षा आहे तिची. दर रविवारी येते माझ्याकडे.” तिने पदर सावरला. “माझं राहू द्या. ते डस्टरही तुमच्याकडेच राहू द्या.”

बस लागली होती. खिडकीतून तिने पाहिलं, तो टपरीपाशी उभा होता. बोटांना खडू लागला होता, आणि या वेळीही त्याने तो पुसला नव्हता. घाट उतरेपर्यंत तिने डोळे मिटून घेतले.

उद्या रविवार होता. सृष्टी पहाटे बागेत जाऊन मग नऊला येणार होती. तिला उशीर झाला तरी चालणार होतं.