मास्तरांचे ओठ

हॉलचे मोठे दिवे मालवा, कोपऱ्यातला तेवढा राहू दे. तालीम आज बरी झाली. बरी म्हणतोय, चांगली नाही; लगेच हुरळून जाऊ नका. मघाशी तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं, "सर, या धंद्यात वर्षानुवर्षं टिकायचं कसं?" उत्तर देतो, पण ते सरळ देता येत नाही. एक गोष्ट सांगावी लागेल. भुताची आहे. हसा, आत्ताच हसून घ्या. ज्याच्यावर बेतली तो माणूस अजून हिंडता-फिरता आहे, आणि आम्ही दोघांनी एकाच आरशासमोर खेटून बसून आयुष्यभर तोंडं रंगवली आहेत.

त्याला सगळे पोपट म्हणायचे. कुणाचाही आवाज एकदा ऐकला की हुबेहूब काढायचा, म्हणून मास्तरांनी ठेवलेलं नाव. पोपट मोठा नट कधी झाला नाही. मालिकेत तो इन्स्पेक्टर असायचा, वकील असायचा, नायिकेचा काका असायचा. ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन नुसती मान हलवणारा डॉक्टर तर त्यानं इतक्यांदा केला, की शेजारची आजी त्याला गुडघा दाखवायला यायची. रस्त्यात लोक थांबवायचे. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय! आमच्या बँकेत होतात का?" पण पोपट रिकामा कधी बसला नाही. सकाळी जाहिरातीला आवाज, दुपारी मालिका, रात्री नाटकाचा प्रयोग. जेवण गाडीत, झोप गाडीत, संवाद पाठ करायचे तेही गाडीतच.

ही सगळी मास्तरांची शिकवण. मास्तर म्हणजे त्याचे गुरू. सत्तरी उलटली तरी उभे असले की रंगमंच भरल्यासारखा वाटायचा. त्यांनी पोपटाला सांगितलं होतं, वेळेच्या आधी पोच. स्वतःच्या आधी समोरच्याचे संवाद पाठ कर. दिवेवाल्याशी भांडू नकोस, तुझं तोंड दिसायचं की नाही ते त्याच्या हातात असतं. आणि मिळेल ते काम घे.

पोपटानं ते शेवटचं जरा जास्तच मनावर घेतलं. 'नाही' हा शब्दच त्याच्या तोंडातून गेला.

मास्तर गेले ते नोव्हेंबरच्या अखेरीस. एका मालिकेत ते आजोबांचं काम करत होते, अंथरुणाला खिळलेले आजोबा. निर्मात्याच्या माणसांनी सगळ्यांना सांगितलं, दुपारी मेकअप रूममध्ये आराम करत होते, झोपेतच गेले. मास्तरांच्या मुलीलाही तेच सांगितलं. बिचारी म्हणाली, "बाबांना त्रास झाला नाही, एवढंच समाधान." आम्हीही तेच म्हणालो. नट माणूस, सेटवर गेला, झोपेत गेला. याहून काय हवं?

डिसेंबरातला तिसरा गुरुवार होता. संध्याकाळी पोपटाला फोन आला. त्याच मालिकेचा कंट्रोलर, म्हणजे सेटवरचा सगळा कारभार बघणारा माणूस. अंगावर इस्त्रीचा शर्ट आणि जिभेवर साखर.

"मास्तरांचा मरणाचा सीन शूट झालेला आहे हो, नशीबच आमचं. फक्त आवाज खराब आलाय. तुम्ही त्यांचा आवाज काढता ना? दोन वाक्यं आहेत. स्टुडिओ रात्री साडेदहाला मोकळा होतोय."

"येतो," पोपट म्हणाला. विचार नाही, काही नाही. सवय.

बायको ताटं मांडत होती. तिनं विचारलं, "कुणाचा आवाज?"

"मास्तरांचा."

तिचा हात थांबला. "त्यांना जाऊन महिना नाही झाला. आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मी नाही म्हटलं तर दुसरा कुणीतरी वाट्टेल तसा काढेल. त्यापेक्षा मी बरा."

"हे स्वतःला सांगताय की मला?"

पोपट न जेवताच निघाला.

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. पायऱ्या उतरल्या की रस्त्याचा आवाज कापून टाकल्यासारखा बंद. आत एक छोटी खोली, भिंतींना जाड फोम, मध्ये माइक, समोर पडदा. त्या खोलीत टाळी वाजवली तरी हाताबाहेर जात नाही, इतकी मुकी खोली. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी बाई बसलेली. सगळे तिला ताई म्हणायचे. तिच्या शेजारी कंट्रोलर, फोनमध्ये डोकं घालून.

पोपटानं हेडफोन लावले. हातात कागद. त्यावर आजोबांचं वाक्य, "आता काही राहिलं नाही. सुखानं डोळे मिटतो."

पडद्यावर चित्र सुरू झालं. पलंग, पांढरी चादर, उशाशी दिवा. आणि मास्तर. कॅमेरा हळूहळू जवळ जात होता. मास्तरांचे ओठ हलायला लागले.

पोपटाला हेडफोनमधून श्वास ऐकू आला. जड. घरघरणारा.

"ताई, शूटिंगच्या वेळचा आवाज बंद करा. मला अडचण होते."

"बंदच आहे, दादा."

"अहो, श्वास येतोय."

ताईनं समोरची बटणं पुन्हा पाहिली. काचेतून मान हलवली. "सगळं बंद आहे. तुमचाच असेल."

पोपटानं स्वतःचा श्वास रोखून धरला. हेडफोनमधला चालूच होता...

"चला, चला," कंट्रोलर म्हणाला. "उद्या दाखवायचाय एपिसोड."

आता एक गोष्ट समजून घ्या, उद्या तुम्हीही हे काम कराल. दुसऱ्याच्या तोंडात आवाज भरायचा तर ओठ बघायचे. बाकी सगळं लपवता येतं. पण प, ब, म आला की ओठ मिटतातच. तिथं लबाडी चालत नाही. कागदावरच्या वाक्यात ओठ मिटायचे ते फक्त शेवटी, 'मिटतो'ला. आणि पडद्यावर मास्तरांचे ओठ पहिल्या शब्दालाच मिटले. मग पुन्हा मिटले. मग पुन्हा.

"हे वाक्य बसत नाही," पोपट म्हणाला. "मास्तर दुसरंच काहीतरी बोलतायत."

"संवाद विसरले असतील. वय झालं होतं."

मास्तर... संवाद विसरले? ज्या माणसाला तीन अंकी नाटक मागूनपुढून पाठ, तो एक वाक्य विसरला? पोपटाच्या कपाळाची शीर तिथं पहिल्यांदा उडाली.

"पुन्हा लावा."

ताईनं पुन्हा लावलं. पोपटानं कागद खाली ठेवला आणि मास्तरांसारखं तोंड करायला सुरुवात केली. नुसतं तोंड, आवाज नाही. ते ओठ मिटतात तिथं मिटायचे, उघडतात तिथं उघडायचे. आम्ही असंच शिकलो. आधी तोंड सापडतं, मग शब्द.

दुसऱ्या खेपेला शब्द सापडले. ते त्याच्या घशातून आपोआप बाहेर आले, मास्तरांच्या आवाजात.

"बस... थांबव रे... डॉक्टर बोलव..."

काचेपलीकडे ताईनं तोंडावर हात ठेवला.

पोपट वळला. "मेकअप रूममध्ये गेले ना? झोपेत?"

कंट्रोलरनं फोन खिशात टाकला. जिभेवरची साखर संपली होती. "हे बघा, टेक चालू होता. सगळ्यांना वाटलं अभिनय करतायत. डायरेक्टर खूश. इतकं छान चाललं होतं की कॅमेरा आणखी जवळ घेतला. मध्येच कट कोण म्हणणार? नंतर कळलं. आता त्याचं काय करायचं? घरच्यांना उगाच त्रास नको म्हणून तसं सांगितलं."

"कॅमेरा... जवळ घेतला?"

"आता त्या म्हाताऱ्याला काय फरक पडतोय? वरून संगीत टाकू, ओठांकडे कोण बघतंय! बोलायचं असेल तर बोला, नाहीतर तसं सांगा. तुमच्यासारखे पन्नास मिळतात."

पोरांनो, हे सांगताना आजही माझं डोकं फिरतं. एक माणूस मदत मागत होता. मदत. आणि समोर उभे असलेले सगळे म्हणत होते, वा, काय काम करतोय! त्यांना कळलं नाही, हे एक वेळ मी मानतो. पण कळल्यावर? कळल्यावर त्याच्या त्या हाकेवर 'सुखानं डोळे मिटतो' चिकटवायला निघाले होते!

पोपटाच्याही अंगाची आग झाली होती. पण सवय काय चीज असते बघा. इतक्या वर्षांत एकदाही नाही म्हटलेलं नाही. तोंडातून निघालं, "बरं... घ्या." आणि त्यानं हेडफोन पुन्हा कानाला लावले.

स्वतःची एवढी चीड त्याला कधी आली नव्हती. मला त्यानं स्वतः सांगितलंय.

चित्र सुरू झालं.

पलंग. चादर. दिवा.

कॅमेरा जवळ जायला लागला.

हेडफोनमधला श्वास... थांबला.

पोपटानं तोंड उघडलं. आवाज फुटेना.

मास्तरांचे डोळे आधीच्या सगळ्या खेपांना अर्धवट मिटलेले होते. या वेळी... उघडे होते. सरळ त्याच्याकडे.

ओठ हलले. तीनदा मिटायला हवे होते. नाही मिटले तसे. दोनदाच मिटले, लागोपाठ.

पोपटा...

ज्या दिवशी हे शूट झालं त्या दिवशी पोपट सेटवर नव्हता. गावातसुद्धा नव्हता.

ओठांचा चंबू झाला. मग ते उघडले.

तू... नको.

"ताई," पोपट कसाबसा म्हणाला, "थांबवा."

"मी थांबवलंय, दादा... मघाशीच..."

पडद्यावर मास्तर बघतच होते.

पोपटानं हेडफोन काढले. स्टँडवर ठेवले. नीट ठेवले, फेकले नाहीत. खोलीचं दार उघडलं आणि म्हणाला, "नाही."

"काय नाही?" कंट्रोलर दारात आडवा झाला. "रेकॉर्डिंग अर्धवट टाकून जाताय? पुन्हा काम मिळेल का कुठं? बघतोच मी."

पोपट त्याला एवढंच म्हणणार होता, की बाजूला हो. पण त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यानं काढलेला नव्हता. नक्कल करताना घसा आवळावा लागतो, तेवढं कळतं त्याला. आता घसा मोकळा होता. आणि छातीतून मास्तर बोलत होते. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तोच आवाज.

"बाजूला हो!"

त्या मुक्या खोलीत तो आवाज घुमला. जिथं टाळीचासुद्धा प्रतिध्वनी येत नाही... तिथं तो या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. आणि परत आला.

कंट्रोलर भिंतीला चिकटला. पोपट जिना चढून वर आला.

तो घरी गेला नाही, तसाच मास्तरांच्या मुलीच्या दारात उभा राहिला. तिनं झोपेतून उठून दार उघडलं. "काका, एवढ्या रात्री?"

"तुझे बाबा झोपेत गेले नाहीत, बाळा," पोपट म्हणाला, आणि उंबऱ्यातच रडायला लागला. मग आत बसून सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "त्यांनी डॉक्टर मागितला होता... आणि मी त्या लोकांचे आभार मानले."

दुसऱ्या दिवसापासून ती एकेकाला फोन करत सुटली. आधी दिवेवाला बोलला. मग मेकअप करणारा. त्या दिवशी सेटवर असलेले आणि तोंड मिटून बसलेले एकामागून एक बोलायला लागले. न्याय झाला का? फार काही नाही. कंपनीनं चार ओळींची माफी मागितली, डायरेक्टर दुसऱ्या मालिकेवर गेला. पोपटाला कित्येक महिने कुणी हाक मारली नाही. घरात चिडचिड, रिकामी संध्याकाळ. मग एका नाटकात मिळालं काम, मग दुसऱ्यात. आजही करतो. पण आता सेटवर कुणी नुसतं छातीवर हात ठेवला, तरी पोपट मधेच जाऊन उभा राहतो, चालू टेक असला तरी. शिव्या खातो. हलत नाही. टिकायचं कसं विचारत होतात ना? कामाला हो म्हणत राहा, जरूर म्हणा. पण एक नाही जवळ ठेवा. नाहीतर तुम्ही टिकाल आणि आत कुणी उरणार नाही.

थांबा, उठू नका. राहिलंय थोडं.

त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळीच कंट्रोलर दुसऱ्या एका आवाजवाल्याला घेऊन स्टुडिओत आला. ताईनं चित्र लावलं. आणि तिनं पोपटाला फोन केला. पोपटानं मला. आम्ही दोघं गेलो, म्हणून हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

तो सीन एकदाच शूट झाला होता. त्याच्या जेवढ्या प्रती होत्या तेवढ्या ताईनं आमच्यासमोर उघडल्या. सगळ्या तशाच. तोच पलंग, तीच चादर, उशाशी तोच दिवा. कॅमेरा तसाच हळूहळू जवळ जातो.

पण मास्तर कॅमेऱ्याकडे पाठ करून झोपलेत.

पांढरे केस दिसतात. एक कान दिसतो. ओठ कुठंच दिसत नाहीत.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत... भिंतीकडे तोंड.